खिडकीत राहिलेलं बेअरिंग

बेअरिंग म्हणजे काय ते आधी सांगते. ते कळलं नाही तर पुढचं वाचून उपयोग नाही.

मोटारीच्या इंजिनात एक जाड लोखंडी दांडा फिरत असतो. त्याला क्रँक म्हणतात. पिस्टन वरखाली होतात आणि क्रँकला फिरवतात. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा जो हात असतो तो कनेक्टिंग रॉड. या रॉडचं मनगट क्रँकला धरून असतं. लोखंडावर लोखंड फिरलं की दोन्ही खलास होतात, म्हणून मनगटाच्या आतून मऊ धातूचं अस्तर देतात. तेच बेअरिंग. झिजायचं ते अस्तराने, क्रँकने नाही. आज हे अस्तर खोक्यात तयार मिळतं. अगदी जुन्या गाड्यांच्या वेळी मिळत नव्हतं. कथलाचा पांढरा धातू वितळवून रॉडमध्येच ओतायचे आणि मग तासून बसवायचे.

हे काम मी कुवेतमध्ये केलं. आयुष्यात फक्त दोनदा. एकदा चुकलं, एकदा बरोबर आलं. चुकलेलं अजून तिथे काचेच्या पेटीत आहे. त्याबद्दल लिहायचं आहे.

दिवाळी अंकवाल्यांनी मला ‘परदेशातील दिवस’ असं नाव सुचवलं होतं. परदेशातले दिवस इथल्यासारखेच असतात. ऊन जास्त असतं, एवढंच.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या ओताऱ्याचं. बाप घंटा, समया, झांजा ओतायचा. भाता मारायला माणूस हवा होता म्हणून मला शाळेतून काढलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, भात्यापाशी पाढे नव्हते. पुढे लग्न झालं ते शांतारामशी. नवऱ्याचं नाव घेतल्याने काही बिघडत नाही, पन्नास वर्षं घेते आहे. तो लेथवर काम करणारा टर्नर. कुवेतला होता, इराकी घुसले तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आला, आणि ते गेल्यावर पुन्हा गेला. त्यानंतर दोन वर्षांनी मीही गेले. मुलाला, प्रकाशला, सासूकडे ठेवलं. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं आहे. ते मी लिहिणार नाही.

शांतारामच्या मालकाला सगळे अबू खालिद म्हणत, म्हणजे खालिदचा बाप. तिकडे माणसाला पोराच्या नावाने हाक मारतात. मला ते ‘उम्म प्रकाश’, म्हणजे प्रकाशची आई, म्हणायचे, आणि त्यांना ‘प’ म्हणता येत नाही, त्यामुळे मी दहा-बारा वर्षं उम्म ब्रकाश होते. माझ्या कागदांवर मी त्यांच्या घरची कामवाली. सकाळी त्यांच्या घरी भांडी-फरशी, अकरानंतर कारखान्यात नऊ माणसांचा चहा. आम्ही राहायचो खैतानला, तीन बिऱ्हाडं मिळून एका फ्लॅटमध्ये. बिऱ्हाडं तीन आणि नळ एक, बाकी तक्रार नव्हती.

कारखाना जुन्या बाजाराच्या मागे, समुद्राच्या अंगाला. अबू खालिदचा बाप लोहार. तो गलबतांचे खिळे करायचा. मग देशात पहिल्या मोटारी आल्या, त्याही गलबतातूनच, मुंबईहून. त्या बिघडल्या की दाखवायच्या कुणाला? लोखंडाच्या म्हणून त्या लोहाराकडे आल्या. त्याने मोटार कधी पाहिली नव्हती. पहिली गाडी त्याने नांगरासारखी चारी बाजूंनी तपासली आणि ‘हिला पाणी पुरत नाही’ एवढं सांगितलं, असं अबू खालिद म्हणायचा.

ते बरोबर होतं. वाळवंटात रेडिएटरचं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन जायचं. माणसाला प्यायला पाणी नाही तिथे गाडीला कोण पाजणार? लोहाराने रेडिएटरच्या झाकणातून तांब्याची नळी काढली आणि बाजूला टांगलेल्या पाण्याच्या डब्यात बुडवली. वाफ डब्यात जाऊन थंड व्हायची आणि इंजिन निवलं की तेच पाणी परत खेचलं जायचं. मग वाळूत चाकं रुतत म्हणून त्याने एका चाकाला दुसरं जोडून रुंद केलं. लांबून लांबून लोक गाड्या घेऊन यायला लागले. वाळूत चालणारी मोटार आमच्याकडे झाली, असा अबू खालिदचा दावा. दुसरीकडेही कुणी केली असेल. तहान सगळीकडे लागते. पण इथे त्याने केली हे खरं, नळी आणि डबा मी स्वतः घासलेत.

अशी नळी-डबा लावलेली अबू खालिदच्या बापाची गाडी कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. इराकी सैनिकांनी कारखान्यातलं चाकावरचं सगळं नेलं. ही चालत नव्हती म्हणून राहिली.

मी चहावाली. सुटे भाग रॉकेलमध्ये धुणंही हळूहळू माझ्याकडे आलं, कारण बाकीचे नीट धूत नव्हते. दुरुस्तीशी माझा पहिला संबंध आला तो माझ्या वजनामुळे. एक कुवेती माणूस दर आठवड्याला यायचा. म्हणायचा, गाडी आवाज करते. आमची माणसं फिरवून बघायची, आवाज नाही. चौथ्या खेपेला मी चहा देताना विचारलं, “आवाज येतो तेव्हा गाडीत कोण असतं?”

तो म्हणाला, “माझी सासू. मागे बसते.”

“किती जाड आहे?”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “तुझ्याएवढी.”

मला मागे बसवून गाडी फिरवली. पहिल्याच खड्ड्याला आवाज. सीटची तुटलेली स्प्रिंग वजनाने खाली जाऊन पत्र्याला लागत होती. शांताराम म्हणाला, “गो, एवढी वर्षं तुला खायला घातलं ते कामी आलं.” मी त्याला दोन दिवस बिनसाखरेचा चहा दिला. ते गिऱ्हाईक मात्र नाराज झालं. सासूला गाडीतून नेणं बंद करायला त्याला कारण मिळालं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं.

आता मुख्य गोष्ट. एक दिवस नोटीस लागली की बाजारामागचा सगळा भाग पाडणार. कारखान्यासह. एक समिती येऊन बघणार होती की त्यातलं काय जुनं आणि ठेवण्यासारखं आहे. तिकडे बाहेरच्या माणसाला राहायला इकामा, म्हणजे परवाना, लागतो, आणि इकामा कामाला बांधलेला. कारखाना गेला की नऊ माणसांचं काम जाणार आणि कामामागून इकामा. शांतारामचं वय पंचावन्न. त्या वयाच्या टर्नरला दुसरा कुणी घेत नव्हता. प्रकाशची अजून दोन वर्षं राहिली होती कॉलेजची.

आमच्याकडे शुक्रवारी एक पुण्याचे इंजिनियर यायचे, कुलकर्णी. मीना अब्दुल्लाला रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर. जुन्या गाड्यांचा नाद. सुट्टीच्या दिवशी चांगला शर्ट घालून यायचे आणि काळा करून घरी न्यायचे. त्यांच्या बायकोला मी कधी भेटले नाही, पण तिची बाजू मला पटते. ते म्हणाले, “समितीला भिंती दाखवून काही होणार नाही. भिंती सगळ्यांच्याच जुन्या आहेत. कोपऱ्यातली ही जुनी गाडी त्यांच्यासमोर चालली पाहिजे.”

गाडी उघडली. सगळं जमण्यासारखं निघालं, फक्त एका रॉडचं बेअरिंग फुटून भुगा झालं होतं. कुलकर्णींनी इंग्लंडला फॅक्स केला. उत्तर आलं की चार महिने लागतील. समिती येणार शनिवारी, आणि तो बुधवार होता.

शुक्रवारी कुलकर्णी एका पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले. “काकू, चहा ठेवा जरा. शांतारामभाऊ, हे बघा, हे आपण इथे ओतू शकतो. पण आधी रॉडला आतून कथलाचा थर द्यावा लागेल. त्यासाठी एक विशिष्ट क्षार—”

मी कागदातलं चित्र पाहिलं. “कल्हई,” मी म्हटलं.

“काय?”

“कल्हई करायची आहे. नवसागर लागेल. मसाल्याच्या बाजारात मिळतो.”

ते कागदात बघत राहिले. मग म्हणाले, “हो, कल्हईच म्हणायची. पण काकू, धातूचं तापमान अचूक लागतं. त्याचा थर्मामीटर माझ्याकडे नाही.”

“हीर आहे.”

हीर म्हणजे नारळाच्या झावळीची काडी. मी गावाहून हिरांची केरसुणी नेली होती. विमानतळावर अधिकाऱ्याने ती उलटीपालटी करून विचारलं होतं हे काय, तेव्हा मी त्याचं टेबल झाडून दाखवलं. तर त्यातली एक हीर कथलाच्या रसात बुडवायची. पिवळीच राहिली तर रस थंड. पेटली तर फार तापला. तपकिरी झाली की ओतायचं. बाप तेच करायचा. कुलकर्णींनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं चेष्टा करताहेत, पण खरंच लिहिलं.

शांताराम म्हणाला, “बापाकडे हिने घंटा ओतल्यात.”

“घंटा कधी ओतली नाही, भाता मारला,” मी म्हटलं. “ओतताना बघितलंय.”

“मग?”

“मग काय, तुमच्यात कुणी बघितलंय का?”

कुणी बघितलं नव्हतं. म्हणून काम माझ्याकडे आलं. मी हुशार होते म्हणून नाही.

साच्याच्या फटी बुजवायला बाप वारुळाची माती घ्यायचा. कुवेतमध्ये वारूळ कुठलं? खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, मुलतानी माती आणली, बायका तोंडाला लावतात ती. मळली, लावली, कडकडीत सुकवली. ओली राहिली तर रस अंगावर उडतो. रॉडच्या मनगटात शांतारामने मोजून केलेला गोल दांडा उभा धरला, त्याला दिव्याची काजळी फासली म्हणजे धातू चिकटू नये. मनगट दोन अर्ध्यांचं असतं, त्यांच्यामध्ये पातळ पत्रे ठेवले. रॉडला आतून कल्हई केली. लोहाराच्या जुन्या भट्टीवर मुशीत भंगारातल्या बेअरिंगांचा पांढरा धातू वितळवला. हीर तपकिरी झाली. अबू खालिद खुर्ची घेऊन दारात बसला होता. त्याने जपमाळ हातात घेतली होती, पण ती फिरत नव्हती.

मी ओतलं. आणि चुकले.

चूक अशी. बापाकडे साचा मातीचा. आतलं मेण जाळायला तो भट्टीत लाल करतात, त्यामुळे साचा गरमच असतो. तो वेगळा तापवायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण तशी वेळच येत नव्हती. इथे साचा म्हणजे लोखंडी रॉड. कल्हई केल्यावर मातीत आवळेपर्यंत तो गार झाला होता. गरम रस गार लोखंडाला लागला आणि अर्ध्या वाटेत गोठला. वरचा रस त्यावर बसला, मिसळला नाही. ओताऱ्याच्या घरची बाईच ही चूक करेल. कुलकर्णींच्या कागदात रॉड तापवा असं लिहिलं होतं. ते त्या वेळी हीर बघत होते.

शांतारामने साचा सोडला, हातोडीने एक टिचकी मारली, आणि बेअरिंग रॉडमधून निघून दोन अर्ध्या बांगड्यांसारखं जमिनीवर पडलं. चिकटलंच नव्हतं. मधून केसासारखी रेघ. वरून बघाल तर सुंदर दिसतं, चांदीसारखं.

नऊ माणसं आणि एक इंजिनियर, आणि सगळ्यांना एकदम पायाखालची जमीन बघायची होती.

मी तासायचा स्क्रेपर घेतला आणि दोन्ही अर्ध्यांवर आतून फुली मारली. बापाची पद्धत. बाद मालावर फुली, आणि तो त्याच दिवशी परत मुशीत. पहिला ओत बहुतेक बादच येतो, त्यात लाज नाही. पण तो रात्रभर घरात ठेवायचा नाही. ठेवला की कधी ना कधी कुणी तरी तो चांगला म्हणून विकतो. बाप असल्या बाबतीत माणसांना ओळखून होता.

मात्र मुशीत अजून एका ओतापुरता धातू होता. त्यात थंड तुकडे टाकले असते तर पुन्हा तापवण्यात वेळ गेला असता. ते दोन तुकडे मी खिडकीत ठेवले, नंतर टाकू म्हणून. रॉडला पुन्हा कल्हई केली आणि या वेळी तो थुंकी चरचरेपर्यंत तापवला. हीर. ओतलं. हातोडीच्या तीन ठोक्यांनीही हललं नाही.

मग शांतारामने लेथवर ते आतून कातलं आणि तासकाम सुरू झालं. क्रँकला निळा रंग लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तो स्क्रेपरने तासायचा. पुन्हा निळं, पुन्हा तासायचं. सगळीकडे सारखं निळं दिसेपर्यंत. दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत शांताराम तेच करत होता. मी त्याला निळ्या हाताने भात खाताना पाहिलं. भट्टी तोपर्यंत विझली होती. खिडकीतले तुकडे राहिले.

समिती शनिवारी अकराला यायची ती नऊला आली. पाच माणसं, इस्त्री केलेले पांढरे झगे. शांतारामने हँडल मारलं. काही नाही. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा खोकली. तिसऱ्यांदा चालू झाली. अबू खालिद खुर्चीतून उठला, गाडीत बसला आणि दारातून बाहेर गेला. बाजाराला वळसा घालून परत आला. तेवढ्या वेळात मी चहाचे सात पेले भरले. गाडी आली तेव्हा डब्यात बुडबुडे येत होते, पाणी सांडलं नव्हतं. तो खाली उतरला तेव्हा त्याचा झगा पोटापर्यंत काळा होता आणि तो एका समितीवाल्याला मिठी मारत होता. तोही मग काळा झाला.

जाताना त्यातल्या एकाने खिडकीतले ते तुकडे उचलले आणि अबू खालिदला काही तरी विचारलं. अबू खालिदने अरबीत एक वाक्य सांगितलं. त्या माणसाने तुकडे रुमालात बांधून घेतले. मी पुढे झाले, पण हातात चहाचं तबक होतं. आणि समितीला कोण अडवणार?

महिन्याभराने पत्र आलं. कारखाना पाडणार नाहीत. यंत्रांसह आहे तसा जपणार. आम्ही मिठाई वाटली. मग खालिदने पत्राचा दुसरा कागद वाचून दाखवला. जपलेल्या जागेत भट्टी, तेल, रॉकेल, काही चालणार नव्हतं. म्हणजे काम चालणार नव्हतं.

शांतारामने विचारलं, “आणि लेथ?”

“लेथही जपणार,” खालिद म्हणाला.

नोकऱ्या गेल्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. खालिदने अर्दियाला नवी शेड घेतली आणि नऊच्या नऊ माणसांना तिकडे नेलं. इकामे टिकले, प्रकाश शिकला. हवं होतं ते झालं. पण अर्दियाला लेथ नव्हता. खोका उघडायचा, पार्ट लावायचा, खोका फेकायचा. तीस वर्षं केसाएवढं माप हाताने ओळखणारा माणूस पुढची वर्षं नट खोलत बसला. तो तक्रार करायचा नाही. घरी आल्यावर फक्त हात धुवायला त्याला वेळ लागेनासा झाला.

आम्ही कायमचे परत यायचं ठरवलं तेव्हा एका शुक्रवारी जुना कारखाना बघायला गेलो. दारात तिकीट नव्हतं, पण पायताण पुसायला चटई होती. जमीन इतकी स्वच्छ की मला संशय आला. लेथला दोरी बांधलेली, आणि त्याच्या चकला, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्याला, चावी अडकवलेली. शांतारामने दोरीपलीकडून पाहिलं आणि तिथल्या केरळी रखवालदाराला हिंदीत म्हणाला, “चकची चावी चकमध्ये ठेवलीय. मशीन चालू केली तर चावी उडून डोकं फुटेल.”

“ये चालू नहीं होता,” रखवालदार म्हणाला.

“पण चावी काढून ठेव.”

“हाथ नहीं लगाने का, चाचा.”

काचेची पेटी मधोमध होती. आत मखमल, आणि मखमलीवर माझ्या दोन अर्ध्या बांगड्या. फुली वर करून ठेवलेली. खाली पाटी. मी रखवालदाराला वाचायला सांगितली. त्याने इंग्रजीवरून सांगितलं, “इस कारखाने में ढाला हुआ पहला बेअरिंग.” आणि पुढे असं की वरची खूण संस्थापकाची असावी.

मी म्हटलं, “बाद माल आहे. वितळवायला हवा.”

तो म्हणाला, “काँच को हाथ मत लगाओ, अम्मा.”

कुलकर्णींना फोन केला. ते खूप हसले आणि म्हणाले, “काकू, आता ते इतिहासात गेलं.” इंजिनियर माणूस, त्यांना रेघ दिसली होती, तरी हसले.

निरोप घ्यायला अबू खालिदकडे गेलो. तो आता अंथरुणावर होता. आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी असायचं. मी म्हटलं, “तुम्ही त्या लोकांना खोटं सांगितलंत. ते तुमच्या बापाने ओतलेलं नाही.”

“मी कुठे म्हटलं बापाने ओतलं?” तो म्हणाला. “त्याने विचारलं हे काय. मी म्हटलं, या कारखान्यात ओतलेलं पहिलं बेअरिंग.”

“तेच ते. तुमच्या बापाने—”

“माझा बाप वितळलेल्या धातूला भ्यायचा, उम्म ब्रकाश. लहानपणी पाय भाजला होता. नळी त्याने केली, चाकं त्याने केली. बेअरिंग खराब झालं की रॉड काढायचा आणि खजुराच्या गलबतातून मुंबईला पाठवायचा. तिथे कुणी तरी ओतून द्यायचं. तीन महिने लागायचे.” त्याने हात वर केला आणि एक बोट दाखवलं. “या कारखान्यात तू ओतायच्या आधी कुणी कधी ओतलंच नव्हतं.”

शांताराम तोंड फिरवून हसत होता. मला त्याचा राग आला.

मी म्हटलं, “मग दुसरं ठेवायचं होतं. दुसरं चांगलं आलं होतं.”

“ते गाडीत आहे,” अबू खालिद म्हणाला. “ते कामावर आहे.”

चहा घेतला आणि निघालो.

तर पाटीवर लिहिलंय ते खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते बघायला जे कुणी जातील त्यांच्यात एखादा कारागीर असेल, तर त्याने तो नमुना धरू नये. रॉड आधी तापवावा. मधली रेघ नीट बघावी. खूण संस्थापकाची नाही, माझी आहे, आणि तिचा अर्थ बाद असा आहे.